मालिनीचा ब्रश अजून जागेवर आहे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून दातांची नोंदवही सुरू. फक्त दात. बाकीचं रडगाणं इथे येणार नाही. नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. आलेला पार्ट पास की रिजेक्ट, एवढं सांगायचं. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो, जे लिहून ठेवलं नाही ते झालंच नाही.

सद्यस्थिती. बेसिनवरच्या स्टँडमध्ये दोन ब्रश. निळा माझा, गुलाबी मालिनीचा. दोन्ही दांड्यांवर मी मार्करने तारीख टाकली आहे, १ ऑक्टोबर. तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा म्हणजे बदलायचा. तिचा आधीचा जेमतेम दोन आठवडे वापरलेला होता, तरी बदलला. नियम माणूस बघून बदलत नाही.

मालिनी सध्या येवल्याला आहे. तिची धाकटी बहीण मोहिनी जुलैत जिन्यावरून घसरली, पाय मोडला. एकटी बाई, त्यात पैठणीचं दुकान. म्हणून बायको पंधरा दिवसांसाठी गेली. ते पंधरा दिवस थोडे लांबले आहेत. साडेतीन महिने.

पण ब्रश इथे आहे. जो माणूस ब्रश ठेवून जातो तो परत येतो. साधं लॉजिक आहे. दिवाळीला आली नाही कारण दिवाळीत दुकानाला गर्दी. डिसेंबरपर्यंत नक्की.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मालिनीला व्हॉट्सॲपवर ब्रश धरण्याचा योग्य कोन पाठवला. पंचेचाळीस अंश. आकृती स्वतः काढली, स्केलने. दुपारी २.१० ला निळ्या खुणा आल्या. ४.३५ ला अंगठा आला.

अंगठा म्हणजे सहमती. चौतीस वर्षांच्या संसारात असा स्पष्ट होकार फार वेळा मिळालेला नाही. उद्या जीभ साफ करण्याविषयी पाठवतो.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

कमळाबाई धुणंभांडी करायला येते. बरी आहे, पण तोंडाचा पट्टा चालू असतो. बेसिन पुसताना म्हणाली, दादा, या बाईंच्या ब्रशवर धूळ बसलीय, ठेवू का उचलून? मी म्हटलं, हात लावायचा नाही, बाईसाहेब यायच्यात. तर म्हणे, चार महिने का बाई दात न घासता राह्यल्या? तिकडं घेतला आसंल की त्यांनी दुसरा.

हा विचार मला आधी सुचला नव्हता असं नाही. सुचला होता. पण तो तात्पुरता ब्रश असणार. प्रवासातला. प्रवासातला ब्रश आणि घरचा ब्रश यांत फरक असतो, हे मिश्री लावणाऱ्या बाईला काय सांगणार.

धूळ पुसली. ब्रशवर प्लॅस्टिकची टोपी घातली. मग काढली, कारण बंद टोपीत ओल धरते आणि जंतू होतात. मग लक्षात आलं की तो ओला होण्याचा प्रश्नच नाही. परत घातली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

थंडगार पाणी लागलं की डावीकडे कळ जाते. आमच्या इंदिरानगरातल्याच एका डेंटिस्टकडे गेलो. डॉ. स्वानंदी, माझ्या मुलाहूनही लहान. आरसा घालून बघितलं आणि विचारलं, काका, एवढं घासतं कोण? मी नम्रपणे सांगितलं, मी. रोज दोनदा, सात-सात मिनिटं, हार्ड ब्रशने.

म्हणाल्या, हिरड्या खाली सरकल्यात, मुळं उघडी पडलीत. मऊ ब्रश घ्या, दोन मिनिटं पुरे, जोर अजिबात नको. मी म्हटलं, मग साफ झालं हे कळणार कसं? तर हसल्या. म्हणाल्या, घाण निघाली तरी तुम्ही घासतच राहता ना, तिथे बिघडलंय. गेलेली हिरडी परत भरून येत नाही, काका.

हे त्या फार सहज बोलल्या. पेशंटशी बोलायची एक पद्धत असते.

बाहेर पडताना रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, सोबत कोणी आहे का? मी म्हटलं, मिसेस गावाला गेल्यात. चारदा सांगितलं बहुतेक. दुसऱ्यांदाच तिला पटलं होतं.

संकल्प: पुढचा ब्रश मऊ. आहे तो हार्ड १ जानेवारीपर्यंत चालवतो, फेकवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शौनकने बंगळुरूहून इलेक्ट्रिक ब्रश पाठवला. डॉक्टरांचं त्याला फोनवर सांगितलं होतं. मुलगा आहे माझा, ऐकून घेतो आणि पार्सल पाठवतो.

पहिला प्रयोग. ब्रश तोंडात घालायच्या आधी चालू केला. पेस्ट आरशावर, चष्म्यावर, बनियनवर, शिवाय छताला एक ठिपका. सूचना नंतर वाचल्या. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे, आधी तोंडात घालावा. ही ओळ पहिल्या पानावर हवी होती. कंपनीला मेल केला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३

इलेक्ट्रिक ब्रश उत्तम. दोन मिनिटं झाली की टुकटुक करतो, थांबत मात्र नाही, तो आपणच बंद करायचा. सकाळी केला. जेवणानंतर केला. आता परत केला.

घुर्रर्र असा आवाज येतो. कोणीतरी आत मिक्सर लावलाय असं वाटतं. दार लोटून बेडरूममध्ये बसलं तर हुबेहूब वाटतं. तेवढ्यासाठी मी तो चालू ठेवून बेडरूममध्ये बसलो होतो असं नाही. चार्जिंग किती टिकतं ते बघायचं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मालिनीशी नऊ मिनिटं बोललो. मोहिनीचा पाय बरा आहे, काठीसुद्धा सुटली. मी म्हटलं, मग झालं तर! ती म्हणाली, लग्नसराई आहे हो, श्वास घ्यायला फुरसत नाही. ती म्हणे मोबाइलवर पैठणीचे व्हिडिओ करते. पदर धरून उभी राहते आणि बोलते. पार नागपूरहून ऑर्डरी येतात. मी विचारलं, बोलायला तुला कोणी शिकवलं? म्हणाली, कोणी नाही, तोंड उघडलं की येतं.

आपल्याकडे असताना तोंड फारसं उघडायची नाही. असो.

परत कधी, असं विचारल्यावर म्हणाली, बघू. बघू म्हणजे संक्रांत. मला तिची भाषा कळते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

भयंकर प्रकार. अंघोळीहून आलो तर कमळाबाई गुलाबी ब्रशने बेसिनचा नळ घासत होती! मालिनीच्या ब्रशने! मी ओरडलो. इतका ओरडलो की समोरच्या फ्लॅटमधल्यांनी दार उघडलं.

कमळाबाई आधी घाबरली, मग चिडली. म्हणाली, दादा, बाई काय आता येत नाय, साऱ्या सोसायटीला ठाऊक हाये. तुम्हालाच तेवढं नाय. एका ब्रशापायी माझ्यावर वराडू नका, मला दहा घरं हायेत.

तिला म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. ती गेली. नळ मात्र चकचकीत झालाय.

संध्याकाळ. सोसायटीला ठाऊक हाये म्हणजे काय? कोणाला विचारावं तर लिफ्टमध्ये सगळे मोबाइल बघतात.

२१ डिसेंबर, रविवार

कमळाबाईला फोन करून बोलावलं. मी माफी मागितली नाही. फक्त म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या दादा, जेवता का नीट? मी म्हटलं, हो. जेवणाचा या वहीशी संबंध नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

बदलाचा दिवस. नवे ब्रश आणायला मेडिकलमध्ये गेलो. माझा मऊ, त्यात विचार करायचं कारण नव्हतं. मालिनीसाठी मागितला तर काउंटरवरच्या पोराने विचारलं, त्यांना कसा लागतो? सॉफ्ट, मीडियम? छोट्या डोक्याचा, मोठ्या?

चौतीस वर्षं तिचा ब्रश मी आणतोय. वर्षाला चार. म्हणजे एकशे छत्तीस. तिला कसा आवडतो हे मला सांगता येईना. मागे माणसं खोळंबली. मी म्हटलं, मीडियम. तो म्हणाला, रंग? मी म्हटलं, गुलाबी. गुलाबी तिला आवडतो की मीच पहिल्यांदा आणला म्हणून तो तसाच चालू राहिला, कोण जाणे. येवल्याला गेल्यावर विचारतो.

हो, ठरलं. संक्रांतीला स्वतः जातो आणि घेऊन येतो. फोनवर ही कामं होत नाहीत.

१२ जानेवारी, सोमवार

प्रवासाची तयारी. पुढील प्रकारे.

इलेक्ट्रिक ब्रश, फुल चार्ज. पेस्ट छोटी, झाकण चिकटपट्टीने बंद. चुळीसाठी उकळलेलं पाणी एक बाटली. मालिनीचा नवा ब्रश, १ जानेवारी तारखेसह, भोकं पाडलेल्या डबीत. तिळगुळाचा स्टीलचा डबा. कपडे.

तिचा ब्रश नेण्यामागे विचार आहे. तिथे जे काही ती तात्पुरतं वापरत असेल ते टाकून दोन दिवस हा वापरेल, आणि मग तो आपोआप इकडे परत येईल. ब्रशबरोबर ती.

परतीची दोन तिकिटं आधीच काढावीत म्हणत होतो. कंडक्टर देणार नाही बहुतेक.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. येवला, संध्याकाळी ७

निफाडच्या अलीकडे माझी बॅग वाजायला लागली.

तिळगुळाचा डबा सरकून ब्रशचं बटण दाबलं गेलं असणार. मला पटकन कळलं नाही. शेजारी विठाबाई नावाच्या एक आजी होत्या, विंचूरला नातीकडे निघालेल्या. त्या म्हणाल्या, बाबा, तुमच्या पिशवीत काहीतरी गुरगुरतंय. तेवढ्यात मागून कोणीतरी बॉम्ब म्हणालं. झालं! बस थांबली, अर्धे लोक खाली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, काका, तुमची बॅग तुम्हीच उघडा. उघडली. माझ्या लेंग्यावर ब्रश थुईथुई नाचत होता.

लोक जे हसले ते विंचूरपर्यंत हसले. कंडक्टर म्हणाला, घरून दात घासून निघायचं ना काका. विठाबाईंनी मात्र विचारलं, कुठं चाललात? म्हटलं, बायकोला आणायला. म्हणाल्या, आणा बाबा आणा, एकट्या माणसाचं लय वंगाळ. मी म्हटलं, तसं काही नाही. मग खिडकीबाहेर बघत बसलो. ब्रश मी बंद केला होता, पण डब्याने पुन्हा चेपला असावा. येवला आलं तेव्हा पार थंड पडला होता. चार्जर नाशकात.

येवल्यात तीन दिवस दुकानं बंद, सगळं गाव गच्चीवर. हलकडी नावाचं इथलं वाद्य वाजतंय, पतंगांनी आभाळ झाकलंय. मोहिनी म्हणाली, ताई वर आहे. वर गेलो. पदर खोचून मालिनी पतंग उडवत होती. मोहिनीच्या शेजारची एक बाई मांजाची आसारी, म्हणजे फिरकी, धरून मागे उभी. कोणाचा तरी पतंग कापला आणि मालिनी एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मी जिन्यातच थांबलो. हा आवाज मी ओळखला नाही.

मला बघून म्हणाली, अगंबाई, आलात? आणि पुन्हा वर बघायला लागली. मांजा हातात असताना खाली बघता येत नाही म्हणे.

१५ जानेवारी, गुरुवार. येवला, सकाळी ९

लिहितो. लिहिलंच पाहिजे.

सकाळी मागच्या अंगणात गेलो. नळाजवळ स्टीलच्या पेल्यात दोन ब्रश. हिरवा मालिनीचा. केस चारी बाजूंना वळलेले, दांड्यावर तारीख नाही. सरळ रिजेक्ट. मी म्हटलं, हा कधीचा आहे? ती म्हणाली, लक्षात नाही, मला असाच आवडतो, मऊ झालाय. मी डबीतून नवा गुलाबी काढून दिला. तिने हातात घेतला, तारीख वाचली, आणि विचारलं, तुमचा कुठाय? मी बॅटरीचं सांगितलं. तर म्हणाली, मग हाच वापरा की, नवाच आहे.

तिच्यासाठी आणलेल्या ब्रशने मी दात घासायला लागलो. मीडियम आहे. टोचतो.

ती पायरीवर चहा घेऊन बसली. म्हणाली, एक सांगू? रागावू नका. मी तिकडे रात्री दात घासायचेच नाही. नुसता ब्रश नळाखाली ओला करून ठेवायचे.

हे नीट लिहितो. ती झोपल्यावर मी रोज तिच्या ब्रशला बोट लावून बघायचो. लग्न झाल्यापासून. ओला असला की मनात टिक करायचो आणि झोपायचो. एकदाही कोरडा सापडला नव्हता. मी ते कोणाला बोललो नव्हतो. तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं इन्स्पेक्शन, आणि घरात हा माल रोज पास करत होतो!

ती हसत होती, खरं सांगतो, चिडून नाही. म्हणाली, आणि गंमत बघा, इथे कोणी बघत नाही तर रोज रात्री घासते.

मग हसायची थांबली. म्हणाली, मी आता इथेच राहते. पंधरा दिवसांचं म्हणून आले होते, खोटं नव्हतं ते. पण आता नाही यायचं. तुम्ही वाईट नाही हो. मारझोड नाही, व्यसन नाही, लोकांना काय सांगणार मी? पोळीची गोलाई, दुधावरची साय, दाराची कडी, ब्रश. रोज पास व्हायचा कंटाळा आला मला.

माझ्या तोंडात फेस होता. त्यामुळे उत्तर देता आलं नाही. घासणं थांबवलं असतं तर द्यावं लागलं असतं. म्हणून घासत राहिलो. डॉक्टरांनी दोन मिनिटं सांगितली होती, आठ तरी झाली असतील. हिरडीतून रक्त आलं. तिनेच उठून पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, पुरे आता, चूळ भरा.

चूळ भरली.

मग विचारलं, तुला ब्रश कसा आवडतो? तिने माझ्या हातातून तांब्या घेतला. म्हणाली, आता कशाला विचारताय?

१६ जानेवारी, शुक्रवार. नाशिक

पोहोचलो. बसमध्ये काही घडलं नाही.

निघताना मालिनीने डब्यात गुळाच्या पोळ्या दिल्या. स्टँडपर्यंत आली. म्हणाली, अधूनमधून येत जा, रविवारचे. माणसं येतात तसं. मी म्हटलं, हो. तिला सांगायचं होतं की घरी फार एकटं वाटतं. सकाळी उठलं की कोणाला हाक मारावी हेच कळत नाही. चहा दोन कप होतो आणि एक मी संध्याकाळी गरम करून पितो. यातलं काही बोललो नाही. बोललो ते असं, की नळाजवळ तो पेला उघडा ठेवू नका, शिंतोडे उडतात.

ती हो म्हणाली. ठेवणार उघडाच.

१८ जानेवारी, रविवार

नवी योजना. मालिनीला थोडा वेळ हवा आहे, एवढंच. मार्चमध्ये लग्नसराई जरा कमी होते. तोपर्यंत मी स्वतःत सुधारणा करतो. तपासणी बंद. कशाचीच नाही. आज पोळीवाल्या बाईंच्या पोळ्या न मोजता घेतल्या. दोन करपलेल्या होत्या. बोललो नाही. उद्या तिला फोन करून सांगतो की बोललो नाही.

२१ जानेवारी, बुधवार. दुपारी ४

सकाळी दात घासले नाहीत. मुद्दाम. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. काय होतं ते बघायचं होतं.

दूधवाल्याशी बोललो. त्याला काही कळलं नाही. कमळाबाईशी बोललो, ती म्हणाली, फरशी ओली हाये, पाय नका ठेवू. शौनकचा फोन आला, त्याने थंडी किती आहे विचारलं. लिफ्टमध्ये दोघे होते. कोणी नाक मुरडलं नाही. बारा वाजले, जेवण झालं. काहीच झालं नाही.

मग मालिनीला फोन लावला. मागे गिऱ्हाइकांचा गलका. मी म्हटलं, अगं ऐक, मी आज दात घासलेले नाहीत.

मला वाटलं, आता बोलेल. काहीतरी बोलेल, ओरडेल, हसेल, बरं वाटत नाही का असं तरी विचारेल.

म्हणाली, बरं.

आणि कोणाला तरी म्हणाली, हा मोरपंखी बघा, याचा पदर उघडून दाखवते.